परचुरे सरांचं शून्य

कैऱ्यांचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला राग येतो. परवा विद्यानगरच्या आमच्या कोपऱ्यावर लोणच्याच्या कैऱ्यांचा पहिला ढीग लागला. शेजारी पाटावर जाड पातं बसवून कैऱ्या फोडून देणारा माणूस बसला होता. बाठीसकट कैरी फुटल्याचा तो खट्ट आवाज कानावर आला आणि मला परचुरे सर आठवले. मी त्या माणसाला आणखी कैऱ्या फोडायला सांगितल्या. आम्हाला खरं तर एवढ्या लागत नाहीत.

हैदराबादेत उन्हाळा म्हणजे आवकाय, आंध्राचं कैरीचं लोणचं, घालायचे दिवस. घरोघरी मोहरी कुटली जाते, लाल तिखट चाळलं जातं आणि अख्खी गल्ली शिंकत असते. आमच्याकडे हे काम माझे सासरे करतात. अप्पांनी जन्मभर वकिली केली. सासूबाई गेल्यावर लोणच्याचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि ते कोर्टात चालवावं तसंच चालवलं. मीठ, मोहरी, तेल, सगळ्यांची उलटतपासणी झाल्याशिवाय बरणीत काही पडत नाही. माझा नवरा वरंगलला बँकेत, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. म्हणजे मी शिकत होते तेव्हाच्या उन्हाळ्यांत घरात आम्ही दोघंच होतो. आतल्या खोलीत अप्पा डोळे पुसत तिखट चाळायचे आणि बाहेरच्या खोलीत मी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून परदेशातल्या एका विद्यापीठाचा तास ऐकायचे. नर्सिंग आणि आरोग्यसेवेतली गुणवत्ता, असा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. सगळा ऑनलाइन.

दोन्ही खोल्यांत डोळ्यांची आग होत होती, एवढं मात्र खरं.

या वयात शिकायचं कशाला, असं नातेवाईक विचारायचे. अप्पांची धाकटी बहीण तर तोंडावर म्हणाली होती, वकिलाच्या घरात इंजेक्शन देणारी सून आली तेवढं पुरे नाही का. मी काहीबाही सांगायचे, बढतीला बरं पडतं, जग पुढे चाललंय. खरं उत्तर फार छोटं होतं आणि ते एका माणसाचं आडनाव होतं.

परचुरे सर आमच्या दवाखान्यातल्या क्वालिटी विभागाचे प्रमुख. पुण्याहून आलेले. आधी ते कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाच्या पद्धती सुधारायचे, मग आमच्या सुधारायला आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर समोरच्याला समजावून सांगण्याचं हसू. पहिल्या भेटीतच म्हणाले, "अरे वा, मराठी का तुम्ही? पण तुमचं मराठी जरा हिंदी-हिंदी वाटतं, नाही?" आमच्या घराण्यात पाच पिढ्या या शहरात मराठीत भांडत आल्या आहेत. तरी मी हसले. तेव्हा मला हसायची सवय होती.

त्या वेळी मी जनरल वॉर्डची इन्चार्ज होते. वॉर्डात पेशंटला नावाने कोणी हाक मारत नाही. सहा नंबरचं सलाइन संपलं, अकरा नंबरचा एक्स-रे, नऊ नंबरला घरी सोडायचं. माणसं नंबरांखाली झोपलेली असतात आणि आम्ही नंबरांची सेवा करतो. त्यात आमच्या वॉर्डातल्या एसीची हवा फक्त एका बाजूच्या पलंगांवर यायची. मे महिन्यात पेशंट आपसांत ठरवून जागा बदलायचे. एखादे चाचा उकडतंय म्हणाले की समोरचा जरा बरा असलेला माणूस उठायचा, उशी काखेत मारायचा आणि म्हणायचा, "आओ चाचा, इधर लेटो." कोणी आम्हाला सांगायचं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटायचं. फाइल मात्र जुन्याच पलंगाला लटकत राहायची.

अशाच एका दुपारी मी नऊ नंबरला इन्सुलिन द्यायला गेले. त्याची बाही वर केली, कापूस फिरवला, आणि तो म्हणाला, "सिस्टर, ये कायका इंजेक्शन है? मेरेकू शुगर नहीं है." हात तिथेच थांबला. साखरेचा खरा पेशंट समोरच्या पलंगावर गार हवेत घोरत होता.

कोणाला काही झालं नाही. कोणी पाहिलंही नाही. मी गप्प बसले असते तर ती गोष्ट माझ्याबरोबरच संपली असती. पण परचुरे सरांनी तेव्हा प्रत्येक मजल्यावर फलक लावले होते: चूक झाली, होता होता राहिली, तरी कळवा, न घाबरता कळवा, नाव गुप्त राहील. मला ते पटलं होतं. आज माझ्या हातून झालं, उद्या एखाद्या नव्या मुलीच्या हातून होईल आणि समोरचा पेशंट शुद्धीत नसेल. संगणकावरच्या अर्जात मी सगळं लिहिलं. एसीचं लिहिलं, पलंगांच्या अदलाबदलीचं लिहिलं आणि खाली, अभिमानाने म्हणा, नावही घातलं.

महिन्याच्या बैठकीत ते नाव पडद्यावर आलं. एवढं मोठं की शेवटच्या रांगेतल्या डॉक्टरांनाही चष्मा लागू नये. "आपल्या एका सीनियर सिस्टरांनी पलंग ओळखला," परचुरे सर म्हणाले, "माणूस ओळखायचा राहिला." डॉक्टर हसले. माझ्या हाताखालच्या मुली हसल्या नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या आणि तेच जास्त लागलं. एसीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बाहेर पडताना सर मुद्दाम जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "वैयक्तिक घेऊ नका हं."

पुढच्या आठवड्यात माझी इन्चार्जची जागा गेली आणि मला रक्ताचे नमुने घ्यायच्या खोलीत पाठवलं. लिफ्टमध्ये मागून हळूच आवाज यायचा, नौ नंबर आ गई. मी वैयक्तिक घेतलं. इतकं वैयक्तिक घेतलं की त्यासाठी विद्यापीठात नाव घातलं.

राग लोणच्यासारखा मुरतो, असं मला एका मैत्रिणीने समजावलं होतं. मला ते पटत नाही. लोणचं मुरलं की मऊ होतं. माझा राग अभ्यासाने दिवसेंदिवस कडक होत गेला, त्याला संदर्भ मिळत गेले, तळटिपा मिळाल्या. आधी मला फक्त वाटत होतं की त्या माणसाने वाईट केलं. आता ते कुठल्या तत्त्वाच्या विरुद्ध होतं, हे मला कळायला लागलं, आणि चांगल्या प्रतीचा राग काय असतो ते मला तेव्हा समजलं.

आमच्या वर्गाला शिकवायच्या त्या नोरा मॅडम. गोऱ्या, पिकल्या केसांच्या, मागे खिडकीत कायम पाऊस. इकडे मी घामाने निथळत, पाठीशी कूलर घरघरतोय. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, तुमच्या घराजवळ विमानतळ आहे का. तेव्हापासून बोलायची वेळ आली की मी कूलर बंद करायचे. माझी सगळी मतं मी त्या वर्गात घाम पुसत मांडली आहेत. वर्गातल्या बाकीच्या बायका खरंच ज्ञानासाठी आल्या होत्या. एक आखातातून बोलायची, मुलाला मांडीवर घेऊन. ती एकदा म्हणाली, मला माझा वॉर्ड सुरक्षित करायचाय. मी कॅमेऱ्यासमोर मान हलवली आणि मनात म्हटलं, मला परचुऱ्यांचं थोबाड पाहायचंय.

बसमध्येही मी रेकॉर्ड केलेले तास ऐकायचे. नामपल्लीला स्टेशनसमोर बस रखडायची, कंडक्टर ओरडायचा, कानात नोरा मॅडम म्हणत असायच्या की भीतीच्या वातावरणात कोणी खरं बोलत नाही. खिडकीतून प्रदर्शनाच्या मैदानाची भिंत दिसायची, उन्हात पांढरी पडलेली. मी त्या भिंतीवर मनातल्या मनात पडदा लावायचे, आणि पडद्यावर त्यांचं नाव, मोठ्या अक्षरांत. रोज त्याच भिंतीवर. अक्षरांचा आकार मात्र मी दर वेळी थोडा वाढवायचे.

संख्याशास्त्र मला येईना. सुलतान बाजारात बरणीच्या तोंडाला बांधायला पांढरं कापड घ्यायला गेले होते, तिथून पुढे जुन्या पुस्तकांच्या रांगेत एक जाडजूड पुस्तक मिळालं. आधीच्या मालकाने प्रत्येक पानावर पेन्सिलीने 'समजलं नाही' असं लिहून ठेवलं होतं. मला फार आधार वाटला. अप्पांनी ते कापड बरणीला बांधलं आणि बरणीकडून माझ्याकडे बघत म्हणाले, "आता दोघंबी मुरा."

एक विषय होता मूळ कारण शोधण्याचा. घटना घ्यायची आणि 'का' विचारायचं. उत्तर आलं की पुन्हा 'का'. असं विचारत खाली खाली जायचं. नोरा मॅडमनी एकच नियम सांगितला. उत्तरात माणसाचं नाव आलं तर समजा की तुम्ही लवकर थांबलात, आणखी एकदा विचारा.

मी घटना घेतली ती अर्थात माझी. पहिल्या खर्ड्यात माझ्या प्रत्येक 'का'चं उत्तर फिरून फिरून परचुऱ्यांपाशी यायचं. नोरा मॅडमनी समासात लिहिलं, रागावलेली असताना तुम्ही फार स्वच्छ लिहिता, पण घटनेच्या वेळी हे गृहस्थ तुमच्या वॉर्डात होते का? नव्हते. मग मी निमूटपणे पुन्हा लिहिलं. चुकीच्या माणसापाशी का गेले? कारण पलंग बदलले होते. का बदलले? कारण हवा एकाच बाजूला येत होती. मला का कळलं नाही? कारण आम्ही नंबर वाचतो. नंबर का वाचतो? कारण मी शिकले तेव्हा माझ्या सीनियरही नंबरच वाचायच्या आणि कोणालाच कधी वेगळं सुचलं नाही. शेवटपर्यंत गेले तरी परचुरे कुठेच भेटले नाहीत. माझ्या अभ्यासातला तो सगळ्यात वाईट दिवस होता.

अप्पांनी तो निबंध वाचला. पहिला खर्डाही वाचला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे दुसरं लिहिलीस ते बरोबर हाय. पण पहिलं जास्त चांगलं हाय."

"नियमात बसत नाही ना अप्पा."

"नियमात बसवून मारायचं असतं. आम्ही काय केलं जन्मभर?"

आणि इथे मला एक कबूल केलं पाहिजे. एक 'का' मी कधीच विचारला नाही. परचुरे असे का वागले? विचारला असता तर त्यांचंही काहीतरी निघालं असतं. वरच्या साहेबांचा दबाव, नव्या गावातली भीती, नर्स नाही आणि डॉक्टरही नाही म्हणून मिळणारी तुच्छता. काहीतरी निघालंच असतं आणि मग मला त्यांची दया आली असती. मला ती नको होती. मूळ कारणाचा शोध मी त्यांच्या दारापाशी थांबवला आणि अजूनही तो तिथेच थांबलेला आहे.

कारण घटनेत ते नव्हते, पण घटनेनंतर जे झालं त्यात तेच होते. त्या बैठकीनंतर आमच्या दवाखान्यात चुका होणं बंद झालं. एकही चूक नाही, होता होता राहिलेलीही नाही. दर महिन्याला परचुरे सर पडद्यावर एक मोठं, गोल, हिरवं शून्य दाखवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. मालकांनी त्यांना शाल घातली. आणि मी नमुन्यांच्या खोलीत बसून पाहत होते की वॉर्डातल्या मुली चूक झाली की एकमेकींकडे बघतात, सावरतात आणि गप्प बसतात. कोणीतरी हळूच म्हणायचं, "लिहू नक्को, नौ नंबर होशील." माझ्या नावाचं त्यांनी बुजगावणं केलं होतं. त्या शून्याच्या आत मी उभी होते.

म्हणून प्रबंधाचा विषय ठरला: नर्सेस चुका का कळवत नाहीत. विषय विद्यापीठाला आवडला. मला तो किती आवडला होता हे विद्यापीठाला माहीत नव्हतं.

मुलाखती घ्यायच्या होत्या. सगळ्यांना वचन दिलं होतं की नाव कुठेही येणार नाही. बहुतेकींनी घाबरत घाबरत लहानसहान सांगितलं. मग सरोजा आली. सरोजा माझ्याच वयाची, खम्ममकडची, माझ्यानंतर जनरल वॉर्ड तिच्याकडे गेला होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, तिने सांगितलं की एक म्हातारी बाथरूमजवळ पडली होती, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते दवाखान्यात नाही, येण्याआधी घरी पडल्यामुळे मोडलं असं कागदावर गेलं. असं लिहायला परचुऱ्यांनी फोनवरून सांगितलं होतं. महिना संपायला आला होता आणि शून्य जवळजवळ पुरं झालं होतं.

"ये बात किसीको नक्को बोलो मा," ती म्हणाली. "मेरा नाम आया तो मैं गई. घर में मैं अकेली कमाती."

मी तिचा हात धरला आणि नाही सांगणार म्हटलं. आणि हात धरलेला असतानाच माझ्या मनात आलं, सापडला.

तो आठवडा मला नीट आठवतो. लू सुटली होती, दारं-खिडक्यांवर ओले पडदे, आणि मी प्रबंधात एक परिच्छेद लिहायचे आणि पुसायचे. नाव न घालता तो लिहिता आला असता, पण त्या म्हातारीच्या वेळी वॉर्डात कोण होतं हे शोधायला परचुऱ्यांना पाच मिनिटंही लागली नसती. माझं त्यांनी केलं ते मी सरोजाचं करणार होते, फक्त माझं कारण चांगलं होतं. त्यांनाही आपलं कारण चांगलंच वाटलं असणार.

अप्पांना नाव न सांगता विचारलं. ते कैऱ्यांच्या फोडी पुसत बसले होते. "साक्षीदार हाय तुझ्याकडं," ते म्हणाले. "उभी कर."

"ती मरेल अप्पा."

त्यांनी बरीच फडकी पिळली, मग म्हणाले, "मग नक्को. साक्षीदार मारून केस जिंकलेले वकील मी पाहिलोय. पुढं ते नुसते जिंकतेत, चैन पडत नाही त्यांना."

मी तो परिच्छेद काढला. फार मोठं मन करून काढला असं कोणी समजू नये. मला दुसरा रस्ता हवा होता, ज्यात दुसऱ्या कोणाचं रक्त सांडणार नाही.

याच सुमारास परचुरे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "तुमचा अभ्यास अगदी जोरात चाललाय म्हणे. छान. डिग्री होऊ द्या, मी तुम्हाला माझ्या डिपार्टमेंटमध्येच घेतो. वॉर्डात कुठे वाया जाता?" मग पेन फिरवत म्हणाले, "फक्त मानांकनासाठीची बाहेरची तपासणी नीट पार पडू दे. या वेळी आपलं पूर्ण वर्ष शून्य आहे." मी चहा प्यायले. चहा चांगला होता, तेही सांगून टाकते. त्यांच्या शेजारची खुर्ची, दारावर नावाची पाटी, लिफ्टमध्ये लोकांनी बाजूला सरकणं. सूड म्हणून हेही काही कमी नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्या खुर्चीवर दोनदा बसून आले.

आणि मग तपासणीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याच हातून ते झालं. नमुन्यांच्या खोलीत पेशंटच्या नावाच्या चिकटपट्ट्या आधीच छापून येतात आणि घाईत आम्ही त्या ट्रेच्या कडेला ओळीने लावून ठेवतो. त्या दिवशी गर्दी मरणाची, खोलीतला पंखा बिघडलेला, पट्ट्या घामाने सुटत होत्या. एका बाईच्या रक्ताच्या नळीवर मी दुसऱ्या बाईची पट्टी लावली. ट्रे पुढे सरकवणार तोच नाव विचारलं, वाचलं आणि चुकलेलं दिसलं. पट्टी काढून बरोबर लावली, दोघींनाही थांबवून पुन्हा खात्री केली. सगळं मिळून एवढंच. कोणी पाहिलं नाही.

खुर्ची हवी असेल तर गप्प बसायचं होतं. मी तशीच उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की परचुऱ्यांचं शून्य मोडायला मला सरोजाची गरजच नाही. त्यासाठी मी पुरेशी आहे.

संगणकावर अर्ज उघडला. पट्ट्यांचं लिहिलं, पंख्याचं लिहिलं, घाईचं लिहिलं. नावाचा रकाना ऐच्छिक होता. तो मी रिकामा ठेवला. मला माहीत होतं की त्या खोलीत त्या पाळीला मी एकटीच असते, म्हणजे त्यांना कळणारच. आणि कळल्यावर मला दोष द्यायला ते माझं नाव न विचारता पुन्हा पडद्यावर लावतील याचाही मला अंदाज होता, कारण ज्याला आपण वर्षानुवर्षं मनात शिव्या घालतो त्या माणसाला आपण फार जवळून ओळखायला लागतो. तो सापळा होता का? होता. हे मी पेशंटच्या भल्यासाठी केलं असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही, त्या खोलीत नवीन पंखा बसला आणि पट्ट्या आता एकेक करून छापतात. पण बटण दाबताना माझ्या मनात पेशंट नव्हते.

आता मी वेगळ्या दवाखान्यात आहे. तिथे माझं पद काय हे सांगितलं तर हा लेख गोड होईल, म्हणून सांगत नाही. दर उन्हाळ्यात नव्या मुलींना मी पेशंटला नाव विचारायला शिकवते आणि त्या मनातल्या मनात मला खडूस म्हणतात. म्हणू देत. काही लोकांना चांगुलपणाने चांगलं काम करता येतं, मला रागाने येतं. नोरा मॅडमना मी एकदा हे स्पष्ट विचारलं होतं, सूड म्हणून शिकलेलं चालतं का. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, गुण देताना मी ते पाहू शकत नाही.

तपासणीचा दिवस मात्र सांगायलाच हवा. बाहेरून आलेल्या तपासनीस बाई साध्या सुती साडीत होत्या, वयस्कर, जास्त बोलत नव्हत्या. सभागृह भरलं होतं, एसी सगळ्यांवर सारखा येत होता. मला वाटलं होतं परचुऱ्यांचा चेहरा पडलेला असेल. मी त्यासाठी पुढच्या रांगेत बसले होते. पण ते उजळलेल्या चेहऱ्याने उभे राहिले आणि पडद्यावर शून्य नव्हतंच. तिथे 'एक' हा आकडा होता आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

"आमच्याकडे मोकळेपणाचं वातावरण आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "या आमच्या सिस्टर. छोटीशी चूक झाली, कोणाला कळलीही नसती, पण त्यांनी स्वतःहून कळवली. आमच्या संस्थेत भीती नाही, याचं हे जिवंत उदाहरण." त्यांनी माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाने माझा सूडसुद्धा स्वतःच्या नावावर करून घेतला होता. ते माझ्याकडे पाहून हसत होते, आता आपण दोघं एकाच बाजूचे, असं. मला वाटलं संपलं, आता याच्याशी कोणी जिंकू शकत नाही.

टाळ्या थांबल्यावर तपासनीस बाईंनी समोरचा कागद वर केला. म्हणाल्या, हा अर्ज मी पाहिला, यात नाव नाही. मग त्यांनी परचुऱ्यांना काही विचारलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, हे नाव इथे लावण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का?"

सभागृहात सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरोजा भिंतीपाशी उभी होती. परचुरे सर अजून हसत होते, पण आता ते हसू मला काहीतरी मागत होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते हसू पूर्ण मावळेपर्यंत मी थांबले, कारण मला घाई नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "विचारलं नव्हतं. मागच्या वेळीही नाही."